राज्य निवडणूक आयोग : अधिकार कुणाचा, ही जुनी ओढाताण

महापालिकेची निवडणूक रखडली की लोक निवडणूक आयोगाच्या नावाने बोटे मोडतात आणि बहुतेकांच्या मनात तेव्हा दिल्लीचा आयोग असतो. त्याच्याकडे लोकसभा आणि विधानसभा. ग्रामपंचायतीपासून मुंबई महापालिकेपर्यंतच्या निवडणुका घेतो तो राज्य निवडणूक आयोग. तो स्वतंत्र आहे, दिल्लीच्या हाताखालचा नाही.

हा आयोग का लागला, हे जिल्हा परिषदांच्या इतिहासात दिसते. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. सुरुवातीला निवडणुका बऱ्यापैकी वेळेवर झाल्या, पण १९७९ नंतरची निवडणूक थेट १९९२ मध्ये झाली. निवडणूक कधी घ्यायची हे सरकारच्याच हातात असल्यावर दुसरे काय होणार?

७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने याला चाप लावला. स्थानिक संस्थेची मुदत पाच वर्षे, ती संपण्याआधी निवडणूक. संस्था बरखास्त झालीच तर सहा महिन्यांत. कलम २४३ के आणि २४३ झेडए यांनी या निवडणुकांची सूत्रे राज्य निवडणूक आयोगाकडे दिली. आयुक्त राज्यपाल नेमतात, पण त्यांना हटवायचे तर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना लागू असलेली प्रक्रियाच करावी लागते. महाराष्ट्राचा आयोग २६ एप्रिल १९९४ रोजी स्थापन झाला.

आयोग मतदार यादी स्वतः नव्याने करत नाही. विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागनिहाय फोडतो. ऐकायला सोपे, पण घोळ होतो तो इथेच. हद्दीवरची एखादी इमारत चुकून शेजारच्या प्रभागात गेली की तिथल्या सगळ्या मतदारांना अनोळखी उमेदवारांतून निवडावे लागते. म्हणून प्रारूप यादीवरच्या हरकतींची मुदत महत्त्वाची. ती गेली की मतदानाच्या दिवशी आरडाओरड करून काही हाती लागत नाही. बाकी आचारसंहिता, चिन्हे, खर्चाचा हिशेब, मतदान आणि मतमोजणी ही कामे ओळखीची आहेत. कर्मचारी मात्र बहुतेक सरकारचेच, निवडणुकीपुरते मागून घेतलेले.

आयोग कडक वागू शकतो. सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे समोर आल्यावर जानेवारी २०२१ मध्ये त्याने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी इथल्या ग्रामपंचायत निवडणुका रद्द केल्या. बिनविरोध निवडीचे कौतुक करणाऱ्यांनी हा निर्णय जरूर आठवावा. पैसे मोजून मिळवलेले पद ही गावाची एकी नव्हे.

खरी झुंज झाली ती प्रभाग आणि आरक्षण कोणी ठरवायचे यावर. या अधिकारांवरून तेव्हाचे आयुक्त नंदलाल आणि विधिमंडळ यांच्यात वाद पेटला, हक्कभंगाची कारवाई झाली आणि मार्च २००८ मध्ये विधानसभेने त्यांना दोन दिवसांच्या कैदेची शिक्षा दिली. घटनात्मक पदावरचा माणूस अधिकाराच्या वादात तुरुंगात जातो, ही गोष्ट महाराष्ट्राने फार लवकर विसरायला नको होती. कारण त्याआधीच, २००६ मध्ये, अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की आपल्या क्षेत्रात राज्य आयोगाचा दर्जा भारत निवडणूक आयोगासारखाच आहे.

मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांतील ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणी पूर्ण करण्याची अट अधोरेखित केली: स्वतंत्र आयोगाकडून मागासलेपणाचा अभ्यास, त्यानुसार आरक्षणाचे प्रमाण आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत. राज्यात राजकीय पेच झाला आणि मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने एकमताने कायदा बदलून प्रभागरचनेचा अधिकार सरकारकडे घेतला. आरक्षण वाचवण्यासाठी हे केले असे तेव्हा सांगण्यात आले आणि त्या हेतूबद्दल मला शंका घ्यायची नाही. पण परिणाम सरळ आहे: प्रभाग ठरल्याशिवाय यादी फुटत नाही, यादीशिवाय तारीख जाहीर होत नाही. तारीख आयोगाची, तिच्याआधीची पायरी सरकारची.

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. प्रशासक आले आणि राहिले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या निवडणुका चार महिन्यांत घेण्यास सांगितले, पुढे ही मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवावी लागली. मुंबईत मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. त्याआधी प्रभागरचनेचे आदेश निघाले होते, ते नगरविकास विभागाकडून.