साडेचार व्होल्ट गेले कुठे?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मामांचा फोन आला. "अरे, उजवी काच अर्ध्यावर अडकलीय आणि पाऊस आत येतोय. मुंबईचा मेकॅनिक म्हणतो मोटर गेली, नवी मागवावी लागेल. तू एकदा बघून जा." मामांची गाडी 1980 च्या दशकातली, दोन दारांची, परदेशी. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली ही स्पोर्ट्स कार समुद्राकाठच्या नागावच्या वाडीत, सुरूच्या बनापासून हाकेच्या अंतरावर, पत्र्याच्या शेडमध्ये असते. वर्षाला हजार किलोमीटरही पळत नाही. मामी तिला 'सवत' म्हणतात.

मी आधी फक्त ऐकलं. बटण दाबलं की दारातून दबका घर्रर्र आवाज यायचा आणि काच दोन बोटं सरकून थांबायची. मेलेली मोटर बोलत नाही. मोटर जोरात फिरतेय पण काच हलत नाही, असं असेल तर गिअरचे प्लास्टिकचे तुकडे किंवा वायरदोर गेलेला असतो. इथे दोन्ही नव्हतं. मोटरीला काम करायचं होतं, पण अंगात त्राण नव्हतं.

बटणावर चालणारी काच 1940 साली अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने पहिल्यांदा बाजारात आणली, तीही तेलाच्या दाबावर. आजची रचना त्यामानाने साधी आहे. दारात एक छोटी मोटर, तिच्या दांड्यावर वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखे आटे आणि त्यांत अडकणारं दातेरी चाक, आणि पुढे काच वरखाली करणारा रेग्युलेटर, कात्रीसारखा उघडमीट करणारा किंवा वायरदोराने ओढणारा. मामांच्या गाडीत कात्रीचा. वर्म गिअरची खुबी अशी की स्क्रू चाकाला फिरवतो, पण चाक स्क्रूला फिरवू शकत नाही. म्हणून बटण सोडल्यावर काच आपल्या वजनाने खाली घसरत नाही. गाडीखाली लावलेला स्क्रू जॅक आपोआप उतरत नाही, तसंच.

पण या सोयीची किंमत मोजावी लागते. काच साधारण चार किलोची, उचलायची अर्धा मीटरच्या आत, चार-पाच सेकंदांत. नुसतं वजन उचलायला चार-पाच वॅट पुरतात. मोटर मात्र शंभर वॅटच्या आसपास वीज खाते. उरलेली सगळी वर्म गिअरच्या घर्षणात, मोटरीच्या गरम होण्यात आणि मुख्य म्हणजे काचेच्या दोन्ही बाजूंच्या रबरी बीडिंगमध्ये जाते. वजन उचलणं हे मोटरीचं काम नव्हेच, ती घर्षणाशी झगडत असते. त्यामुळे विजेत जरा कसर झाली की काच अडते.

दाराचा आतला पॅड काढला. (त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, काच रुंद टेपने दाराच्या चौकटीला चिकटवावी. कात्रीच्या रेग्युलेटरला बहुधा ताणलेली गुंडाळीची स्प्रिंग असते. कात्री जखडल्याशिवाय मोटर सोडवली तर ती झटक्यात फिरते आणि बोटं जातात. हे मी गमतीने सांगत नाही.) पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाटलेला होता आणि दाराच्या तळाशी बोटभर काळं पाणी. काच आणि दाराच्या फटीतून पाणी आत जाणारच, ते धरूनच दार बनवलेलं असतं. तळाला त्याच्यासाठी भोकं ठेवलेली असतात. इथे ती सुरूच्या सुयांनी गच्च बुजली होती.

मग बॅटरी परत जोडून मल्टिमीटर लावला. मोटरीचा प्लग काढून तारांवर बटण दाबून मोजलं तर चक्क 12.4 व्होल्ट, बॅटरीइतकेच. मामा विजयाने म्हणाले, "बघ, वीज येतेय. म्हणजे मोटरच गेली." मेकॅनिकही बहुधा इथेच फसला होता.

वाडीच्या पंपाचा पाइप आतून शेवाळाने अर्धा बुजलेला असेल आणि टोकाचा कॉक बंद असेल, तर टोकाशी दाब पुरता दिसतो. पाणी वाहतच नाही, मग अडेल कुठे? कॉक उघडला की कळतं. विजेचंही तसंच. व्होल्टेज वाटेत हरवतं ते प्रवाह वाहत असताना. प्रवाह गुणिले रोध, इतकं. म्हणून प्लग परत जोडला आणि मोटर चालू असताना मोजलं. मोटरीवर फक्त 7.9 व्होल्ट. साडेचार व्होल्ट वाटेत सांडत होते.

ते शोधायची रीत मला फार आवडते. मीटरची एक काडी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर (परतीची वाट मोजताना निगेटिव्हवर), दुसरी वाटेतल्या एकेका जोडावर, आणि कुणीतरी बटण दाबून धरायचं. धड जोडावर आकडा शून्याजवळ राहतो, कुजलेल्यावर चढतो. फ्यूजपेटीपाशी 0.4 हरवले, दाराच्या बटणात 2.6 आणि परतीच्या वाटेवर, बॉडीला अर्थ केलेल्या स्क्रूपाशी (वीज बॅटरीकडे परतते ती गाडीच्या पत्र्यातूनच), 1.5. बेरीज साडेचार. प्रवाह होता सात अँपिअर. म्हणजे त्या बटणात अठरा वॅट उष्णता तयार होत होती, छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी. बटण उघडलं तर आतलं प्लास्टिक पिवळं पडून वाकलेलं.

फिरणारी मोटर त्याच वेळी जनित्रही असते. ती स्वतः उलटं व्होल्टेज तयार करून प्रवाहाला आवर घालते. अडखळली की हे उलटं व्होल्टेज घटतं, प्रवाह वाढतो, कुजलेल्या जोडांत आणखी व्होल्ट हरवतात, मोटर आणखी मंदावते. वर जाता जाता काच जास्त लांबीच्या बीडिंगमध्ये शिरते, घर्षण वाढतं, म्हणून ती नेहमी वरच्या अर्ध्या वाटेत दम तोडते.

हे जोड कुजवले कुणी? पावसाने नव्हे, मिठाने. आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठही हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. मिठागराचं खडे मीठ पावसाळ्यात बरणीत पाझरतं ते म्हणूनच. समुद्राच्या वाऱ्याबरोबर आलेला हाच पातळ थर बटणात, प्लगमध्ये बसतो आणि थेंब न पडताही तांब्यापितळेवर खारट पाण्याचा पापुद्रा राहतो. तांब्यावर हिरवट क्षार धरतात, लोखंडी स्क्रूला गंज चढतो, आणि दोन वेगळे धातू खारट ओलीत चिकटलेले असले तर तिथे चिमुकली बॅटरीच तयार होऊन एक धातू दुसऱ्यासाठी झिजतो. गाडी रोज वापरली तर बटणाचे संपर्क घासून थोडे तरी साफ राहतात. मामांची गाडी उभीच.

मामीने आमसूल आणून दिलं. पितळेची भांडी त्यानेच लख्ख होतात, आणि त्यातलं आम्ल हे हिरवे क्षारही विरघळवतं. पण ते आम्ल फटीत राहिलं तर तेच पुन्हा धातू खातं. म्हणून भांड्याला आमसूल, प्लगला कॉन्टॅक्ट क्लीनर. अर्थचा स्क्रू काढून खालचा पत्रा चकचकीत होईतो घासला, नवा स्क्रू आवळला, वरून ग्रीस. (फायबरग्लासच्या बॉडीच्या गाड्यांना ही सोयच नसते. फायबरमधून वीज वाहत नाही, परतीसाठी वेगळी तार ओढावी लागते.)

जुन्या गाड्यांत मोटरीचा सगळा प्रवाह लांब तारेतून बटणातच यायचा. आता प्रत्येक मोटरीच्या दोन्ही तारांवर एकेक पाच पिनांचा रिले लावला, म्हणजे थोड्याशा विजेवर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युतचुंबकी स्विच. बॅटरीजवळ फ्यूज टाकून जाड तार थेट रिलेपर्यंत. बटणाला आता फक्त रिलेची गुंडाळी चालवायची, म्हणजे जेमतेम 0.2 अँपिअर. बटण तितकंच कुजलेलं राहिलं तरी त्यात हरवतील 0.1 व्होल्टच्या आत. तार घेतली होड्यांच्या वायरिंगला वापरतात ती, तांब्याच्या प्रत्येक धाग्यावर कथलाचा मुलामा असलेली. आजीच्या पितळी पातेल्याला कल्हई का करायचे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही तार समजावून सांगायला नको. साध्या तारेत खारट ओल धाग्यांमधून वर चढते आणि आवरणाच्या आत हातभर तांबं काळं पडतं.

राहिलं बीडिंग. मामांनी त्यावर वर्षानुवर्षं खोबरेल चोळलं होतं. ते धूळ धरून त्याचा चिकट लगदा झाला होता, रबर कडक ते कडकच. साबणाच्या पाण्याने धुतलं, सिलिकॉनचा स्प्रे मारला. तळाची भोकं तारेने मोकळी केली, प्लास्टिकचा कागद नवा लावला.

मोटर जुनीच. चालू असताना तिच्यावर आता 11.7 व्होल्ट मिळाले आणि काच पाच सेकंदांत वर गेली. डावी अजून आठ सेकंद घेते, तिकडचं बीडिंग टोकाला तडकलंय आणि नवं अजून मिळालेलं नाही. मामा सध्या दर रविवारी दोन्ही काचा दहा-दहा वेळा वरखाली करतात. मामी म्हणतात, देवपूजेला एवढा वेळ दिला असता तर.