कान एक, स्पेलिंग दोन

निजामाच्या काळात शिकलेल्या मराठवाड्यातल्या पिढीला इंग्रजीतल्या सारख्या उच्चाराच्या शब्दांचं फारसं नवल नव्हतं. कारण उर्दू. वरचं शिक्षण उर्दूत. हैदराबादला १९१८ मध्ये निघालेलं विद्यापीठही उर्दू माध्यमाचंच. सर्वसाधारण या अर्थाचा ‘आम’ ‘ऐन’ या अक्षराने लिहायचा, खायचा आम ‘अलिफ’ने. कानाला दोन्ही एकच. ‘स’ला अक्षरं तीन. ऐकलं तसं लिहिता येतं, असा भरवसाच त्या पोरांना नव्हता.

१९४८ नंतर शाळांत मराठी आली आणि तो भरवसा आला. (तोही पुरता खरा नाही, ‘दिन’ आणि ‘दीन’ बोलताना कोण वेगळे काढतं?)

इंग्रजीचं दुखणं जुनं. १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना आला, स्पेलिंगं हळूहळू थिजत गेली, उच्चार मात्र पुढं सरकत राहिले. सरदार या अर्थाच्या ‘नाइट’मधला ‘के’ एके काळी बोलला जायचा. तो गळाला आणि सरदार रात्रीत मिसळला.

खरा वाद २००० सालचा. तोवर मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत लागायची आणि ‘के-एन-ओ-डब्ल्यू नो, नो म्हणजे माहीत असणे’ असं सुरात घोकलं जायचं. त्या वर्षी ती पहिलीपासून आली. आधी ऐकणं-बोलणं, लिहिणं मागाहून. खेड्यातल्या पोरांची भीड चेपली, हे मान्यच. पण कानाने शिकलेला ‘नो’ वहीत उतरताना हमखास नकाराचा होतो. घोकंपट्टीला आपण फार हसलो. बोलताना ती घोकणारी मंडळी अडखळत, पण या जोड्यांत क्वचितच चुकत.

घोकायचं नसेल तर शब्दाचं गणगोत बघावं. माहीत असण्याच्या ‘नो’मधला मुका ‘के’ ‘नॉलेज’मध्येही आहे. ऐकण्याच्या ‘हिअर’च्या पोटात ‘इअर’, म्हणजे कानच बसलाय. जागा दाखवणाऱ्या ‘देअर’मध्ये ‘इथे’चा ‘हिअर’ अख्खा सापडतो. ‘त्यांचा’वाल्या ‘देअर’मध्ये नाही.

काही जोड्या मात्र आपणच तयार केल्या. पश्चिमेचा ‘वेस्ट’ आणि बनियनचा ‘व्हेस्ट’ इंग्रजीत वेगळे, आपल्या तोंडी एक. इथं स्पेलिंगपेक्षा बोलणाऱ्याचे ओठ बघावे लागतात: वरचे दात खालच्या ओठाला टेकले तर बनियन, ओठांचा चंबू झाला तर पश्चिम.