जुना फोटो फ्रेममधून काढू नका, जसा आहे तसाच घेऊन या

नमस्कार मंडळी. आमच्या फोटो स्टुडिओच्या काउंटरवर जो ब्लॅक अँड व्हाइट फोटो लावून आहे त्याबद्दल येणारा प्रत्येकजण विचारतेच, की भाऊ हा अर्ध्या तोंडाचा माणूस कोण. तो माझा आजा आहे आणि त्याचं अर्धं तोंड मीच घालवलं, म्हणून जुने फोटो दुरुस्तीला आणणाऱ्यांसाठी हे माहितीपत्रक.

फोटो तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याचा. मामाकडं आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता, एका रोलमध्ये मोजून 12 फोटो निघायचे, त्यातला एक आमच्या वाट्याला आला. मी पाच-सहा वर्षांचा, लाकडी बैलाची दोरी हातात, बैलाचा एक कान तुटलेला, बाजूला बहीण रडून राहिली कारण दोरी तिला पाहिजे होती. माझी एक मूठ घट्ट बंद आहे, त्यात घरोघरी फिरून जमा झालेला बोजारा, चार आणे आठ आणे, तो फोटोसाठीही सोडला नाही. मागं कवेलूचं घर, ओट्यावर आजा. आणि उजव्या कडेला नुसतं एक मनगट, काचेच्या बांगड्या भरलेलं. ती आजी, "सरका उभा राय ना बाप्पा" म्हणत मला नीट करून राहिली होती तेवढ्यात मामानं खटका दाबला. आजीचा दुसरा फोटोच नाही आमच्याकडं, हे मनगटच आहे.

तर स्टुडिओ टाकायच्या आधीची गोष्ट, या फोटोवर पावसाळ्यात पांढरी बुरशी आली आणि मी ओला कपडा घेऊन पुसायला बसलो. आज्याचा गाल कपड्याला लागून आला.

असं काहून होते ते सांगतो. जुन्या फोटोत चित्र कागदात नसते, कागदावर जिलेटिनचा पातळ थर असते त्यात चांदीचे बारीक कण असतात, तेच चित्र. जिलेटिन ओलं झालं की फुगते, मऊ होते, चिकट होते. म्हणून भिताडाला ओल आली की फोटो काचेला चिपकते. आणि आपल्याकडं फक्त पावसाळ्याचं नाही, मे महिन्यात कूलर लावतो ना, त्याच्या समोरच्या भिंतीवर टांगलेल्या फोटोचेही तेच हाल होतात, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. चिपकलेला फोटो ब्लेडनं, चाकूनं सोडवू नका. फ्रेमसकट आणा, आम्ही काचेवरूनच स्कॅन करतो, काच फोडायची गरज नाही. कडेला निळसर चकाकी दिसली तर ती घाण नाही, चांदीच वर आलेली असते, घासू नका. पितृपक्षात कुंकवाचा टिळा लावता लावता फ्रेमच्या फटीतून आत उतरलेला असला तरी राहू द्या, तो आम्ही कॉम्प्युटरवर काढतो.

स्कॅन 600 डीपीआयला करतो, म्हणजे एका इंचात 600 ठिपके. त्यामुळं 4 बाय 6 इंचाचा फोटो असला तर 8 बाय 12 पर्यंत सुरेख मोठा होते, त्याच्या वर गेला की फुटायला लागते, मग नाराज नका होऊ. सत्तर-ऐंशीच्या दशकातले कलर फोटो लालसर पडतात कारण त्यातला निळसर रंग आधी उडते, त्याचे कलर बऱ्यापैकी परत आणता येतात.

आता मोबाइलच्या अ‍ॅपबद्दल. पोट्टे एका मिनिटात चेहरा चकाचक करून आणतात, पण जे फोटोत उरलंच नाही ते अ‍ॅप अंदाजानं भरते. मीही आज्यावर करून पाहिलं. माणूस लय देखणा आला पण आमच्या घरचा नव्हता! म्हणून आम्ही तोंडाला हात लावायच्या आधी तुम्हाला विचारतो, त्याच माणसाचा दुसरा एखादा फोटो असला तर तोही आणा. कडेचा हात, खाटेचा पाय, शेजारचं वासरू असलं काहीही विचारल्याशिवाय कापत नाही. का ते तुम्हाला कळलंच असेल.

फोटो आणताना प्लास्टिकच्या पन्नीत नको, साध्या कागदात गुंडाळा आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा. मागं नावं लिहायची तर पेन्सिलीनं, हलक्या हातानं, बॉलपेनचा दाब समोरून दिसते. आणि शक्य असलं तर घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सोबत आणा, लुगडं कोणत्या रंगाचं होतं, मागचं झाड कशाचं, कडेवरचं पोरगं कोणाचं, हे त्यांनाच माहीत असते आणि रंग भरताना आम्हाला तेच लागते.

मूळ फोटो स्कॅन होताच तुमच्यासमोर परत देतो, ठेवून घेत नाही. तयार फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिजे असली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, साधा फोटो म्हणून पाठवला की बारीक होऊन जाते. रेट फोटो पाहूनच सांगतो.

बाजाराच्या दिवशी पासपोर्ट फोटोची लाइन असते, त्या दिवशी जुने फोटो नका आणू, निवांत पाहता येत नाही.