पार्श्वभूमी : पोलंडमधील कडवा राष्ट्रवाद, 1922 ते 1945

1918 मध्ये पुन्हा उभ्या राहिलेल्या पोलंडमध्ये जवळपास एक तृतीयांश लोक युक्रेनियन, ज्यू, बेलारूसी किंवा जर्मन होते. हे राष्ट्र फक्त पोलिश कॅथलिकांचे, असे राष्ट्रवादी नेते रोमान दमोव्स्की यांच्या अनुयायांचे म्हणणे. डिसेंबर 1922 मध्ये अल्पसंख्याक प्रतिनिधींच्या मतांची साथ मिळून गाब्रिएल नारुतोविच राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा उजव्यांनी त्यांना ‘ज्यूंचा राष्ट्राध्यक्ष’ ठरवले. शपथविधीनंतर पाचव्या दिवशी वॉर्सातील चित्रप्रदर्शनात एका चित्रकाराने त्यांना गोळ्या घातल्या.

1926 मध्ये मार्शल पिल्सुद्स्कींनी लष्कराच्या बळावर सत्ता घेतली आणि दमोव्स्कींनी ‘विशाल पोलंड छावणी’ ही राष्ट्रवादी संघटना उभारली. 1933 मध्ये तिच्यावर बंदी आली. तरुण मंडळींनी 14 एप्रिल 1934 रोजी ओएनआर (‘राष्ट्रीय मूलगामी छावणी’) ही आणखी जहाल संघटना काढली. जूनमध्ये गृहमंत्री प्येरात्स्की यांचा खून झाला आणि पहिला संशय ओएनआरवर गेला. मारेकरी प्रत्यक्षात युक्रेनियन राष्ट्रवादी निघाला. पण तोवर बेरेझा कार्तुस्का इथली स्थानबद्धता छावणी उघडली होती. तिथे खटल्याशिवाय तीन महिने डांबता येई आणि मुदत वाढवताही येई. जुलैत आलेल्या पहिल्या कैद्यांत ओएनआरचेच लोक होते. 10 जुलैला संघटनेवर बंदी आली.

बंदीने संघटना मोडली, मागण्या मात्र सरकारच्याच दारातून आत आल्या. विद्यापीठांत हे सर्वांत उघडपणे दिसते. ज्यू विद्यार्थ्यांना वेगळ्या बाकांवर बसवा म्हणून मारहाण, दंगे, वर्ग बंद पाडणे चालले होते. 1937 मध्ये शिक्षणमंत्र्यांनी कुलगुरूंना तशी व्यवस्था करण्याची मुभा दिली. विद्यार्थ्याच्या नोंदवहीत बाकाचा शिक्का पडू लागला. अनेक ज्यू विद्यार्थी निषेध म्हणून पूर्ण व्याख्यान उभ्यानेच ऐकत. ल्वूव (आजचे युक्रेनमधील ल्विव्ह) विद्यापीठाचे कुलगुरू कुल्चिन्स्की यांनी आदेशावर सही करण्याऐवजी पद सोडले. हे नाव विसरता कामा नये. 1937 मध्येच सरकारी पक्षाच्या युवक शाखेची सूत्रे ओएनआरमधून फुटलेल्या, बोलेस्वाव प्यासेत्स्की यांच्या ‘फालांगा’ गटातील कार्यकर्त्याकडे गेली.

नाझींनी या राष्ट्रवाद्यांनाही सोडले नाही : ओएनआरचे नेते यान मोस्दोर्फ 1943 मध्ये ऑशविट्झमध्ये मारले गेले. सप्टेंबर 1942 मध्ये बनलेल्या, राष्ट्रवाद्यांच्या भूमिगत ‘राष्ट्रीय सशस्त्र दलां’नी जर्मनांशी आणि कम्युनिस्टांशी लढा दिला, त्यांच्या काही तुकड्यांनी ज्यूंनाही मारले. त्यांची श्व्हिएंतोक्षिस्का ब्रिगेड जानेवारी 1945 मध्ये लाल सेना येताच जर्मनांच्या संमतीने पश्चिमेकडे सरकली आणि मे महिन्यात तिनेच बोहेमियातील होलिशोव्हची महिला छळछावणी मुक्त केली. प्यासेत्स्की यांनी मात्र युद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीशी जुळवून घेत ‘पाक्स’ ही कॅथलिक संघटना चालवली.