किरणोत्सारी द्रव्ये : विद्यापीठीय खरेदी आणि सांभाळ (कोकण किनारा)

संशोधनासाठी लागणारी किरणोत्सारी समस्थानिके (मूलद्रव्यांचे आपोआप किरण सोडणारे प्रकार) मागवणे, उतरवून घेणे, वापरणे, नोंदीत ठेवणे आणि काम संपल्यावर त्यांची रीतसर विल्हेवाट लावणे, एवढे सगळे या विषयात येते. विद्यापीठात हे खरेदी विभागाचे काम समजले जाते. प्रत्यक्षात खरेदीची फाइल बंद होते तिथून खऱ्या कामाला सुरुवात होते.

किनारपट्टीवर या द्रव्यांनी सोडवता येतील असे प्रश्न पुष्कळ आहेत. जांभ्या जमिनीतले लोह आणि ॲल्युमिनियम खतातला स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात. त्यातला भाताच्या रोपाला किती मिळाला हे फॉस्फरस-३२ ची खूण लावून मोजता येते. खाडीतले वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) किती अन्न तयार करतात हे कार्बन-१४ ने मोजण्याची पद्धत १९५२ पासून रूढ आहे. मातीतला ओलावा मोजणाऱ्या न्यूट्रॉन उपकरणात अमेरिशियम-२४१ व बेरिलियम यांचा बंदिस्त स्रोत (कायम सीलबंद किरणोत्सारी द्रव्य) असतो. मात्र बियाण्यावर गॅमा किरण सोडून नवे वाण काढायचे असेल, तर स्वतःच्या आवारात स्रोत लागतोच असे नाही. बियाणे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडून प्रारित करून आणता येते. दापोलीच्या कृषी विद्यापीठासारख्या (स्थापना १९७२) संस्थेला तुर्भे काही लांब नाही. स्रोत न आणता भागत असेल तर न आणणे उत्तम.

कायद्याचा आधार २०२५ पर्यंत अणुऊर्जा अधिनियम, १९६२ आणि त्याखालील प्रारण (म्हणजे किरणोत्सर्ग) संरक्षण नियम, २००४ हा होता; डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या अधिनियमाच्या जागी नवा ‘शांती’ कायदा मंजूर केला. परवानगी देते ते १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ. अर्ज ‘ई-लोरा’ या संगणकीय प्रणालीवर करायचा. संस्थेची नोंदणी, प्रयोगशाळेचा आराखडा, मोजमापाची उपकरणे आणि मंडळाने मान्य केलेला प्रारण सुरक्षा अधिकारी (बोलीत सगळे ‘आरएसओ’च म्हणतात) एवढे जागेवर असल्याशिवाय पुरवठादार माल देत नाही. कोणते समस्थानिक आणि जास्तीत जास्त किती, हे परवानगीत ठरलेले असते. देशातला मुख्य पुरवठादार वाशीचे ‘ब्रिट’, म्हणजे प्रारण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ. इथे लेखा विभागाशी हमखास खटका उडतो. तीन दरपत्रके आणा, सर्वांत कमी दर स्वीकारा, हा नियम जिथे विकणारा जवळपास एकच आहे तिथे लागू कसा करायचा? त्या पत्रव्यवहारात महिना सहज जातो, म्हणून अनुभवी विभाग एकमेव पुरवठादाराची टिपणी वर्षाच्या सुरुवातीलाच मंजूर करून ठेवतात.

माल माशासारखा आहे, वाटेत थांबत नाही. फॉस्फरस-३२ चे अर्धायुष्य, म्हणजे किरण सोडण्याची ताकद (क्रियता) निम्मी होण्याचा काळ, १४.३ दिवस. पावसाळ्यात घाटात दरड कोसळून खोका चार दिवस अडकला, तर त्यातली सुमारे १८ टक्के क्रियता विद्यापीठाच्या फाटकाशी पोहोचण्याआधीच संपलेली असते. बिल मात्र पूर्ण येते. त्यामुळे मागणीपत्रावर ‘अमुक तारखेला इतके मायक्रोक्युरी’ (क्युरी हे क्रियतेचे माप) असे संदर्भ-तारखेसह लिहावे लागते. शनिवारी दुपारी येणारा खोका ही दुसरी डोकेदुखी. बारनिशीतला (आवक-जावक शाखेतला) लिपिक गेलेला असतो आणि पहारेकरी पार्सल टेबलाखाली सरकवून देतो. खोक्यावर तीन पात्यांचे चिन्ह आणि वर्गाची चिठ्ठी असते. पांढरी-१ असेल तर पृष्ठभागावर ताशी ५ मायक्रोसिव्हर्टपर्यंत (सिव्हर्ट हे शरीराला लागणाऱ्या किरणांच्या मात्रेचे माप), पिवळी-२ असेल तर ५०० पर्यंत. पहारेकऱ्याला सिव्हर्ट शिकवायची गरज नाही. हे चिन्ह दिसले की हात न लावता आरएसओला फोन, एवढे पुरते. आरएसओ आधी किरण मोजणारा मीटर लावून पाहतो, मग ओल्या बोळ्याने खोका पुसून तो बोळा मोजतो. मोकळे बीटा-गॅमा प्रदूषण चौरस सेंटिमीटरला ४ बेक्वेरेलच्या (बेक्वेरेल हेही क्रियतेचे माप) आत हवे. त्यानंतरच दोरी कापायची.

वापरताना नवखा माणूस शिसे शोधतो. फॉस्फरस-३२ च्या वेगवान बीटा कणांपुढे थेट शिसे धरले तर उलट क्ष-किरण निघतात. तिथे सेंटिमीटरभर जाडीचा ॲक्रिलिकचा पडदा योग्य. ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) तर नेहमीच्या गायगर मीटरला दिसतच नाही. काम करणाऱ्याच्या छातीवर टीएलडी बॅज (अंगाला लागलेली मात्रा नोंदवणारा बिल्ला) असतो. त्या मात्रेची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० हून जास्त नाही. खारी दमट हवा मीटरच्या बॅटरीचे टोक आणि कपाटाचे कुलूप दोन्ही खाते. मृगापूर्वी घर शाकारतात तसे मीटरही एकदा उघडून पाहावेत.

अल्पायुषी कचरा साठवून विझू देतात. दहा अर्धायुष्यांनी हजारातला एक भाग उरतो, फॉस्फरस-३२ ला त्यासाठी पाच महिने पुरतात. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे असल्याने तो मार्ग तिथे बंद.

खरा घोळ जुन्या बंदिस्त स्रोतांचा. प्राध्यापक निवृत्त होतात, उपकरण कोपऱ्यात राहते, डेडस्टॉक रजिस्टरात (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) ते ‘यंत्र, नादुरुस्त, नग १’ असते, आणि निर्लेखन (निकामी वस्तू नोंदीतून काढणारी) समिती ते लिलावात काढते. दिल्ली विद्यापीठात हेच घडले. १९८५ पासून न वापरलेले कोबाल्ट-६० चे गॅमा उपकरण फेब्रुवारी २०१० मध्ये विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात फोडले गेले. एकाचा मृत्यू झाला, आणखी काही जण गंभीर आजारी पडले. कोबाल्टचे अर्धायुष्य ५.२७ वर्षे, म्हणजे त्या पंचवीस वर्षांत क्रियता १९८५ मधल्या क्रियतेच्या सत्ताविसाव्या हिश्शावर आली होती, तरी ती जीवघेणी ठरली. अमेरिशियमचे ४३२ वर्षे. असा स्रोत निरुपयोगी झाला की नियामक मंडळाच्या परवानगीने मूळ पुरवठादाराकडे किंवा अधिकृत कचरा व्यवस्थापन केंद्राकडे परत धाडायचा, आणि तोवर पदभार हस्तांतरणाच्या यादीत त्याची ओळ स्वतंत्र ठेवायची.

द्रव्ये ज्यांतून येतात ती शिशाची भांडी रिकामी झाल्यावर काय करायचे हा कोकणातला खास मुद्दा. पागाच्या (फेकून टाकायच्या मासेमारीच्या जाळ्याच्या) कडेला शिसे ओवतात, त्यामुळे भंगारातल्या शिशाला किनाऱ्यावर लगेच गिऱ्हाईक मिळते. म्हणून भांडे आतून-बाहेरून मोजून, चिन्ह खरवडून आणि आरएसओची सही घेऊनच आवाराबाहेर सोडतात.