भरलेला फुगा पुन्हा का उघडतो?

‘डोकं न उघडता मेंदूतील फुग्यावर यशस्वी उपचार’ अशी बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येतेच. सोबत डॉक्टरांचा फोटो आणि चालत घरी निघालेला रुग्ण. बातमी खोटी नसते, अर्धी असते. मेंदूच्या धमनीला आलेला फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, कॉइलने (धातूच्या बारीक तारेच्या वेटोळ्यांनी) भरला तरी पाचांतल्या साधारण एका रुग्णात तो थोडाफार पुन्हा उघडतो. दहांतल्या एकावर पुन्हा उपचार करावे लागतात.

जांघेतल्या धमनीतून बारीक नळी फुग्यापर्यंत नेऊन तिच्यातून प्लॅटिनमची वेटोळी सोडायची, ही कॉइलिंगची पद्धत. हवी तिथे सुटणारी कॉइल इटालियन डॉक्टर गुइदो गुल्येल्मी यांनी तयार केली आणि १९९० साली लॉस एंजेलिसमध्ये ती पहिल्यांदा रुग्णात वापरली गेली. क्षीण विद्युतप्रवाह सोडला की कॉइल आणि तिला ढकलणारी तार यांमधला पोलादी सांधा रक्तातच विरघळतो. शाळेत शिकलेलं विद्युत अपघटन, दुसरं काही नाही.

आता गंमत भूमितीची. भरलेला फुगा एक्स-रेवर काळाकुट्ट, ठासल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात प्लॅटिनमने व्यापलेली जागा बहुधा २० ते ३० टक्केच असते. बाकी सगळं साकळलेलं रक्त. ४ मिलिमीटर व्यासाच्या गोल फुग्याचा चौथा हिस्सा भरायला पाव मिलिमीटर जाडीची कॉइल सुमारे १७ सेंटीमीटर लागते. फुगा १० मिलिमीटरचा असेल तर? जवळपास पावणेतीन मीटर! व्यास अडीचपट, कॉइल मात्र सोळापट, कारण आकारमान व्यासाच्या घनाने वाढतं. शिवाय आधीची वेटोळी नव्या कॉइलला अडवतात, नळीच मागे ढकलली जाते आणि हात थांबवावा लागतो. त्यामुळे मोठे फुगे विरळ भरले जातात.

विरळ भरलेल्यावर हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला रक्ताचा मारा बसतो. जुन्या गादीतला कापूस दबून एका कडेला जावा तशी वेटोळी तळाशी दाबली जातात आणि तोंडाशी पोकळी तयार होते. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणारी बेसिलर धमनी जिथे दुभंगते त्या टोकावरच्या फुग्यात प्रवाह थेट समोरून घुसतो, म्हणून ती जागा कुप्रसिद्ध. फुग्याची मान, म्हणजे धमनीत उघडणारं त्याचं तोंड, ४ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असेल तर आणखी एक अडचण: रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींना तेवढं अंतर ओलांडून नवा पडदा विणता येत नाही. आतल्या गुठळीचं तंतुमय ऊतीत रूपांतर व्हायच्या आधीच प्लाझ्मिन हे विकर तिला विरघळवू लागलं, की कॉइलचा आधारच जातो. फुटलेल्या फुग्यात ताजी गुठळी आधीपासून असते आणि भिंत नाजूक म्हणून डॉक्टरही जपून भरतात. ते फुगे जास्त उघडतात, यात नवल नाही.

मध्यंतरी विरघळणाऱ्या पॉलिमरचा लेप दिलेल्या कॉइलचा फार गाजावाजा झाला. किंमत चढी, पण साध्या प्लॅटिनमशी थेट तुलना झाली तेव्हा अपेक्षित फरक काही दिसला नाही. ‘नवं तंत्रज्ञान’ ऐकून हुरळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पुन्हा उघडणं म्हणजे पुन्हा फुटणं असं मात्र समजू नका. फुटलेल्या फुग्यांच्या एका अमेरिकी पाहणीत कॉइलनंतरचं पहिलं वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्तस्राव होण्याचं प्रमाण वर्षाला हजारात एकाच्या आसपास निघालं. पहिल्या वेळी फुगा किती बंद झाला याने मोठा फरक पडला: पूर्ण बंद झालेल्यांत १.१ टक्के पुन्हा फुटले, सत्तर टक्क्यांहून कमी बंद झालेल्यांत १७.६.

म्हणूनच साधारण सहा महिन्यांनी आणि पुढेही डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी करायची. ‘डोक्यात धातू आहे, एमआरआय नको’ म्हणून ती टाळणारे बरेच भेटतात. प्लॅटिनम लोखंडासारखं चुंबकाकडे खेचलं जात नाही. कॉइलची नोंद असलेला कागद सोबत न्यावा, तंत्रज्ञाला दाखवावा आणि खुशाल यंत्रात शिरावं.