नाउशिकाचे जंगल आणि मोनोनोकेचे जंगल एकच नव्हे

परभणीत कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांना मी अधूनमधून रविवारी जपानी ॲनिमेशनपट दाखवतो. ‘नाउशिका’ संपून दिवे लागले की पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य हमखास कानावर येते: “सर, हे तर ‘मोनोनोके’च आहे की, फक्त विमाने जास्त.” हेच मत मी लातूरच्या मित्रांकडून ऐकले आहे आणि संभाजीनगरला शिकणाऱ्या भाचीकडूनही ऐकले आहे. सगळ्यांचा सारांश एकच असतो: माणूस जंगलाच्या मुळावर उठला, जंगल माणसावर उलटले आणि एक धीट मुलगी मध्ये उभी राहिली. या सारांशात ‘मोनोनोके’ बऱ्यापैकी बसतो. ‘नाउशिका’ त्यात अजिबात बसत नाही, आणि ज्याने तो ओढूनताणून बसवला त्याच्या हाती चित्रपटाचा नेमका उलटा अर्थ लागला, असे माझे ठाम मत आहे.

१९९७ साली आलेला ‘मोनोनोके हिमे’ बहुतेकांच्या परिचयाचा असतो, म्हणून त्याची उजळणी थोडक्यात करतो. काळ मुरोमाची युगाचा, म्हणजे जपानच्या भूतकाळातला. डोंगरात देवांचे जुने जंगल आहे, शेजारी लोखंड गाळणारी वस्ती आहे, त्या कामासाठी डोंगर उघडे पडत चालले आहेत आणि जंगलातले लांडगे व रानडुकरे माणसांशी लढत आहेत. वस्तीची प्रमुख एबोशी ही दुष्ट बाई नाही. विकल्या गेलेल्या स्त्रियांना आणि कुष्ठरोग्यांना तिनेच आसरा दिला आहे. जंगल माणसाच्या आधीपासूनचे आहे आणि माणूस ते थोडे थोडे संपवत आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुढच्या तुलनेला पुरते.

किरकोळ घोटाळे आधी मिटवून टाकतो. दोन्ही चित्रपट हायाओ मियाझाकी यांचे आणि दोन्हींचे संगीत जो हिसाइशी यांचे असल्यामुळे डोळ्यांना व कानांना साम्य जाणवणारच. मात्र ‘नाउशिका’ हा मियाझाकींनी पुढे सहकाऱ्यांसोबत उभारलेल्या स्टुडिओ घिबलीचा पहिला चित्रपट आहे असे जे सर्रास लिहिले जाते ते चूक आहे. तो मार्च १९८४ मध्ये प्रदर्शित झाला, टॉपक्राफ्ट या स्टुडिओत तयार झाला, आणि घिबलीची स्थापना त्यानंतर १९८५ साली झाली. कृत्रिम हात असलेली सेनानी कुशाना ही ‘नाउशिका’तली, शेवटी हात गमावणारी एबोशी ही ‘मोनोनोके’तली. ‘डिस्टोपिया’ हे लेबल दोन्हींना सरसकट चिकटवणे मला विशेष खटकते, कारण उद्ध्वस्त भविष्याची विज्ञानकथा फक्त ‘नाउशिका’ आहे. त्यात सात दिवसांच्या अग्निप्रलयाने मोठी औद्योगिक संस्कृती नष्ट होऊन हजार वर्षे उलटलेली आहेत, आणि उरलेली माणसे विषारी वाफा सोडणाऱ्या, सतत पसरत जाणाऱ्या एका अवाढव्य बुरशीच्या जंगलाच्या काठावर कशीबशी जगत आहेत.

खरी अडचण या जंगलापाशी आहे, आणि मला बोलायचे आहे ते त्याच्याविषयीच.

पहिल्यांदा पाहणाऱ्याची पहिली अर्धी घटका भीतीत जाते. मुखवटा काढला तर थोड्याच वेळात फुप्फुसे सडतील अशी हवा, बर्फासारखे झरणारे बीजाणू, चौदा डोळ्यांचे डोंगराएवढे ओमू किडे, आणि त्या विषाने हातपाय दगडासारखे झालेले वाऱ्याच्या खोऱ्यातले म्हातारे. समुद्राचा वारा बीजाणूंना अडवतो म्हणून ते खोरे तग धरून आहे. एवढे पाहून आमचा एक विद्यार्थी म्हणाला होता, “हे काँग्रेस गवतासारखे माजले आहे, उपटून जाळायला पाहिजे.” मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाची ही प्रतिक्रिया अगदी स्वाभाविक आहे. बांधावर, पडीक रानात, रस्त्याकडेला ते गवत आपण पाहतो, त्याने अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास वाढतो, आणि ते दिसले की हात आपोआप विळ्याकडे जातो. पण हीच प्रतिक्रिया चित्रपटात कुशानाची आहे. जंगल जाळून जमीन मोकळी करू, असे सांगत ती खोऱ्यात सैन्य घेऊन उतरते. त्यावर खोऱ्यातली आंधळी आजी सांगते की जंगल जाळण्याचा प्रयत्न ज्या ज्या वेळी झाला त्या त्या वेळी ओमू चवताळून आले, धावता धावता उपाशी मेले आणि त्यांच्या मृत देहांत बीजाणू रुजून जंगल आणखी पसरले. म्हणजे काँग्रेस गवताची उपमा घेऊन बसलेला प्रेक्षक नकळत कुशानाच्या बाजूला बसलेला असतो आणि त्याला ते कळतही नाही.

या गैरसमजाला भाषांतराचाही हातभार लागलेला आहे. जपानी मूळ नाव ‘फुकाई’ असे आहे आणि त्यातली दोन चिन्हे कुजणे व समुद्र अशी आहेत. इंग्रजीत त्याचे विषारी जंगल झाले, इंग्रजी उपशीर्षके वाचणाऱ्या आपल्या लोकांनी तेच उचलले, आणि विष हा त्या जंगलाचा स्वभाव आहे अशी समजूत नावापासूनच पक्की झाली. मी मुद्दाम ‘कुजका समुद्र’ म्हणतो. सडणे आणि कुजणे यांत मराठी शेतकरी भेद करतो: सडलेला कांदा फेकून देतो, पण शेणखत कुजल्याशिवाय शेतात टाकत नाही. उकिरड्याला वास येतो, वाफ निघते, किडे असतात, आणि तरी त्याच्या पोटात चाललेले काम आपल्या उपयोगाचे असते, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. ज्या विद्यार्थ्यांनी तुरीच्या मर रोगासाठी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी हाताळली आहे, त्यांना बुरशी म्हणजे शत्रू नव्हे हे तर वर्गातच शिकवलेले असते. मूळ नावातला तो समुद्र कुजण्याचा आहे, आणि कुजणे हे काम आहे.

आता ज्या प्रसंगावर सगळे उभे आहे आणि जो बहुतेक जण निसटू देतात तो प्रसंग सांगतो. नाउशिका ही वाऱ्याच्या खोऱ्याची राजकन्या. तिचे गुरू युपा तिला शोधत किल्ल्याच्या तळघरात उतरतात, तर तिथे कुजक्या समुद्रातली झाडे हिरवीगार वाढलेली असतात. ते दचकतात, पण हवेत विष नसते. तिने जंगलातून बीजाणू गोळा करून आणले आहेत आणि ते स्वच्छ मातीत, स्वच्छ पाण्यावर वाढवले आहेत. मोठ्या पवनचक्कीने ५०० मेल्ते खोलीवरून (हे त्या जगाचे स्वतःचे माप आहे) उपसलेले ते पाणी, आणि त्याच विहिरीच्या तळाची ती वाळू. तीच झाडे इथे विष सोडत नाहीत. म्हणजे दोष झाडांत नसून मातीत आहे, खोऱ्यातली शेतीची मातीसुद्धा त्याला अपवाद नाही, आणि मातीत ते विष माणसांनी घातलेले आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर हा कुंडीतला प्रयोग आहे: झाड तेच ठेवले, माती व पाणी बदलले आणि परिणाम पाहिला. ‘मोनोनोके’तली, लांडग्यांत वाढलेली सान जंगलाची बाजू घेते ती रक्ताच्या नात्यासारख्या जिव्हाळ्याने. नाउशिकाकडेही जिव्हाळा आहे, पण तिच्या हाती त्याच्या जोडीला पुरावा आहे, आणि या फरकाकडे दुर्लक्ष करून दोघींना ‘निसर्गकन्या’ म्हणणाऱ्या लेखनाचा मला मनापासून त्रास होतो.

हा प्रसंग आपल्याकडे विशेष निसटतो, त्याचे एक कारण मला बऱ्याच वर्षांनी उमगले. ५०० हा आकडा ऐकला की मराठवाड्याच्या माणसाला बोअर आठवतो. आपल्या काळ्या पाषाणात पाचशे फूट गेलो आणि फुफाटाच उडाला, मग सातशेपर्यंत गेलो, ही घरोघरची कहाणी आहे. आणि लागलेच तर खोलीवरचे पाणी मचूळ असते, काही गावांत त्यात फ्लोराईड निघते. खोल पाणी म्हणजे शेवटचा, नाइलाजाचा उपाय, असे आपल्या अनुभवाने आपल्याला शिकवले आहे. त्यामुळे पडद्यावर खोल पाण्याचा उल्लेख झाला की आपण तो टंचाईची खूण म्हणून ऐकतो आणि पुढे सरकतो. चित्रपटात त्याचा अर्थ उलटा आहे. तिथे वरची माती बिघडलेली आहे आणि जितके खाली जावे तितके जग निर्मळ होत जाते.

ही खाली जाण्याची दिशाच पुढे उत्तर ठरते. नाउशिका आणि पेजितेचा राजपुत्र आस्बेल रुतत्या वाळूतून कुजक्या समुद्राच्या तळाशी पडतात, आणि तिथे मुखवट्याशिवाय श्वास घेता येतो, स्वच्छ पाणी वाहत असते, दगड झालेल्या प्रचंड खोडांतून वाळू झिरपत असते. झाडे मातीतले विष स्वतःत ओढून घेतात, त्याचे निर्मळ स्फटिक करतात, मग मरतात आणि त्यांची वाळू होते. आणि किडे या कामाचे राखणदार आहेत. नाउशिकाला रडू येते ते आनंदाचे आहे. विद्यार्थी हा प्रसंग ‘सुंदर दृश्य’ म्हणून लक्षात ठेवतात. माझे म्हणणे असे की हे तळघरातल्या प्रयोगाचे मोठ्या प्रमाणावर मिळालेले उत्तर आहे, आणि तळघर निसटलेल्या प्रेक्षकाला ते कशाचे उत्तर आहे हेच कळत नाही.

त्यानंतर आस्बेल जे म्हणतो ते मात्र फार कमी जणांना आठवते. हे खरे असेल तर आपल्यापुढे नष्ट होण्यावाचून मार्ग नाही, कारण या शुद्धीकरणाला किती हजार वर्षे लागतील कोणास ठाऊक, आणि तोवर निदान ते पसरणे तरी थांबवायला हवे, असे तो म्हणतो. तो चुकीचे बोलत नाही. जंगल उपकारक आहे हे कळल्याने खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांचे हात बरे होत नाहीत. इथे दोन चित्रपटांची वाट पुरती वेगळी होते. ‘मोनोनोके’चा प्रश्न असा आहे की जगण्यासाठी निसर्गाकडून किती घ्यावे, आणि त्याचे उत्तर तडजोडीच्या वाटेने शोधता येते, म्हणूनच त्याचा नायक आशिताका वस्तीत राहतो, सान जंगलात राहते आणि दोघे भेटत राहणार असतात. ‘नाउशिका’त घेण्याची वेळ हजार वर्षांपूर्वीच निघून गेली आहे. जे आपल्याला मारत आहे तेच आपण केलेली घाण निस्तरत आहे, हे कळल्यावर त्याच्या शेजारी कसे जगायचे, हा तिथला प्रश्न आहे, आणि चित्रपट त्याचे सोपे उत्तर देत नाही.

मियाझाकींची याच नावाची सात खंडांची चित्रकथा १९८२ ते १९९४ या काळात प्रसिद्ध झाली आणि चित्रपटात तिचा सुरुवातीचाच भाग आला आहे. पुढे या जंगलाच्या उगमाबद्दल जे उलगडते ते मी इथे सांगणार नाही, पण ज्यांना माझे वरचे विवेचन पटले त्यांनी ती जरूर वाचावी. चित्रपट पाहताना पूर्ण, सुमारे ११७ मिनिटांची आवृत्तीच पाहावी. १९८५ साली अमेरिकेत त्यातली वीसेक मिनिटे कापून, नावे बदलून, सरळ युद्धकथा करून तो दाखवला गेला होता, आणि असा कापलेला चित्रपट पाहून बनवलेल्या मताला मी मत मानत नाही.

पहिल्या वेळी दोन जागा सोडू नयेत, एवढे मी प्रत्येक वेळी सुरुवातीलाच सांगून ठेवतो. पहिली जागा तळघरातली, जिथे खोरे सोडून जावे लागणार म्हणून नाउशिका स्वतःच्या हाताने त्या झाडांचे पाणी बंद करते. दुसरी जागा अगदी शेवटची, श्रेयनामावली सरकत असतानाची, जेव्हा आमच्याकडे निम्मे लोक चप्पल शोधायला उठलेले असतात: कुजक्या समुद्राच्या तळाशी, त्या झिरपलेल्या वाळूत, तिची टोपी पडलेली आहे आणि तिच्या शेजारी एक हिरवा कोंब वर आला आहे.